‘प्रवेश नाही’ हे वाक्य कोणाचे? : वाक्यरचनेतील वक्तृनिष्ठ व वस्तुनिष्ठ प्रकारता

मनुष्य बोलतो तेव्हा तो केवळ घडलेली गोष्ट सांगत नाही. ती नक्की घडली की घडली असावी, ती घडणे शक्य आहे की अशक्य, ती घडू द्यावी की घडू देऊ नये, हेही तो त्याच वाक्यातून सांगत असतो. वाक्याच्या अर्थातील या अंगास आधुनिक भाषाविज्ञानात ‘मोडॅलिटी’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘प्रकारता’ हा शब्द योजला आहे. प्रकारता दोन जातींची असते. एकीत बोलणारा स्वतःचा अंदाज किंवा स्वतःची इच्छा व्यक्त करतो, ती वक्तृनिष्ठ. दुसरीत शक्यता, आवश्यकता किंवा मनाई ही जणू जगातच असलेली वस्तुस्थिती आहे असे मांडले जाते, ती वस्तुनिष्ठ. हा भेद वरवर पाहता केवळ वैयाकरणांच्या उपयोगाचा वाटेल. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके ‘येथे प्रवेश नाही’ हे वाक्य ऐकावे लागले, त्या समाजाने हा भेद नीट समजून घेणे अगत्याचे आहे. ‘प्रवेश नाही’ या वाक्यात नाही म्हणणारा कोण, हे कोठेच सांगितलेले नसते.

परंपरेने केलेली मांडणी

आपल्या देशातील व्याकरणपरंपरेला हा विषय नवा नाही. पालि भाषेच्या कच्चायन व्याकरणात आख्यातांचे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांत ‘पञ्चमी’ हा वर्ग आज्ञा व आशीर्वाद या अर्थी आणि ‘सत्तमी’ हा वर्ग अनुमती व परिकल्प या अर्थी येतो. अनुमती म्हणजे करू देणे आणि परिकल्प म्हणजे मनाने धरून चालणे. कर्तव्याच्या क्षेत्रातील एक अर्थ आणि ज्ञानाच्या क्षेत्रातील एक अर्थ असे दोन अर्थ एकाच रूपात नांदतात, हे त्या वैयाकरणांच्या नजरेतून सुटलेले नव्हते.

मराठीच्या शालेय व्याकरणातही स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे क्रियापदाचे चार अर्थ शिकवले जातात. त्यांपैकी विध्यर्थाखाली कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता, तर्क अशा कितीतरी छटा एकत्र बसवलेल्या असतात. ‘मुलांनी खरे बोलावे’ हाही विध्यर्थ आणि ‘तो आता घरी असावा’ हाही विध्यर्थ. रूप एक असल्यामुळे ही सोय झाली. पण पहिल्या वाक्यात मुलांवर काहीतरी बंधन आहे आणि दुसऱ्यात घरी असणाऱ्यावर कसलेच बंधन नाही, बोलणाऱ्याचा केवळ तर्क आहे, हा फरक त्या एका नावाखाली झाकला जातो.

मराठी भाषा मात्र हा फरक झाकत नाही. ‘तो घरी असावा’ यात कर्ता प्रथमेत आहे आणि अर्थ तर्काचा आहे. ‘त्याने घरी असावे’ यात कर्ता तृतीयेत आहे आणि अर्थ कर्तव्याचा आहे. तीच गोष्ट ‘पाहिजे’ची. ‘दिवे लागले आहेत, म्हणजे भिक्खू विहारात असले पाहिजेत’ हे अनुमान. ‘वर्षावासात भिक्खूंनी विहारात असले पाहिजे’ हा नियम. व्याकरणाच्या पुस्तकात ज्याला वेगळे नाव नाही, तो भेद बोलणारा प्रत्येक मराठी माणूस विभक्तीने अचूक पाळतो.

लायन्स यांचा भेद

वक्तृनिष्ठ व वस्तुनिष्ठ प्रकारतेची आधुनिक चर्चा मुख्यतः ब्रिटिश भाषावैज्ञानिक जॉन लायन्स यांच्या ‘सिमँटिक्स’ (1977) या द्विखंडी ग्रंथापासून सुरू होते. त्यांचे म्हणणे आपल्या परिसरातील उदाहरणाने समजून घेऊ. एका विहाराच्या ग्रंथालयात दहा पेट्या आहेत आणि त्यांपैकी तीन पेट्यांत जुनी नियतकालिके आहेत, हे नोंदवहीवरून ठाऊक आहे. कोणत्या तीन, हे ठाऊक नाही. अशा वेळी चौथ्या पेटीकडे बोट दाखवून ‘या पेटीत नियतकालिके असण्याची शक्यता आहे’ असे कोणी म्हटले, तर ती शक्यता नोंदवहीवरून मोजता येते. कोणीही तपासली तरी तेवढीच निघेल. ही वस्तुनिष्ठ शक्यता होय. उलट, पेटी हलवून पाहणारा सेवक ‘यात नियतकालिके असावीत’ असे म्हणतो, तेव्हा तो आपल्या मनातील कौल सांगत असतो. ही वक्तृनिष्ठ शक्यता.

लायन्स यांनी हा भेद विशद करण्यासाठी तत्त्वज्ञ आर. एम. हेअर यांची त्रिविध विभागणी वापरली. प्रत्येक उक्तीत वर्णिलेली घटना, ती तशी आहे किंवा तशी व्हावी हे अंग, आणि ‘हे मी म्हणतो’ अशी वक्त्याची सही, असे तीन थर असतात. वस्तुनिष्ठ प्रकारता मधल्या थरात बसते. त्यामुळे तिच्याखाली ‘हे मी म्हणतो’ ही सही तशीच ठाम राहते. वक्तृनिष्ठ प्रकारता त्या सहीलाच सौम्य करते. वक्ता पूर्ण सही न करता राखून सही करतो.

मराठीतील कसोट्या

हा भेद खरा की केवळ कल्पित, हे तपासण्यासाठी काही कसोट्या सांगितल्या जातात. त्या मराठीला लावून पाहू.

पहिली कसोटी संकेताची. ‘तो विहारात असण्याची शक्यता असेल तर आपण जाऊ’ हे वाक्य निर्दोष आहे. परंतु ‘तो विहारात असावा तर आपण जाऊ’ असे कोणी म्हणत नाही. ‘तो विहारात असेल तर आपण जाऊ’ हे चालते, पण तेथे ‘असेल’मधील अंदाजाचा अर्थ नाहीसा होऊन केवळ अट उरते. अट घालताना वस्तुस्थिती लागते. वक्त्याचा कौल अटीत शिरत नाही.

दुसरी कसोटी नकाराची. ‘त्याला येणे शक्य नाही’ यात शक्यतेलाच नकार दिला आहे. ‘तो आला नसावा’ यात मात्र तर्काला नकार नाही. तर्क कायम आहे; नकार येण्याला आहे. नकार आत गेला आणि तर्क बाहेर राहिला.

तिसरी कसोटी काळाची. ‘काल पाऊस पडण्याची शक्यता होती’ असे म्हणता येते, कारण शक्यता कालची. ‘काल पाऊस पडला असावा’ यात पाऊस कालचा, तर्क मात्र आता, या क्षणी करणाऱ्याचा. वक्तृनिष्ठ प्रकारता नेहमी बोलण्याच्या क्षणाला बांधलेली असते.

चौथी कसोटी प्रत्युत्तराची. ‘शक्यता आहे’ या विधानावर ‘हे खोटे आहे, तशी शक्यताच नाही’ असे उत्तर देता येते. ‘तो गेला असावा’ यावर ऐकणारा फार तर ‘नाही, तो येथेच आहे’ असे म्हणेल. तो जाण्याचे खंडन करतो; ‘तुमचा तर्क नाहीच’ असे म्हणत नाही. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. वस्तुनिष्ठ प्रकारता खरी किंवा खोटी ठरू शकते. म्हणूनच तिच्याकडे पुरावा मागता येतो.

वाक्याचे थर

वाक्यरचनेच्या सिद्धान्तांनी या भेदाला वाक्याच्या बांधणीत निश्चित जागा दिली. नेदरलँड्समध्ये सायमन डिक यांनी मांडलेल्या कार्यलक्षी व्याकरणाच्या चौकटीत केस हेंगेवेल्ड यांनी 1989 मध्ये वाक्याचे चार थर मांडले. अगदी आत क्रियावाचक गाभा. त्यावर घटनेचा थर. त्यावर विधानाचा थर. आणि सर्वांत बाहेर वचनकृतीचा, म्हणजे सांगणे, विचारणे, आज्ञा करणे यांचा थर. कर्त्याचे सामर्थ्य गाभ्याशी जोडलेले असते, वस्तुनिष्ठ प्रकारता घटनेच्या थरात येते आणि वक्तृनिष्ठ प्रकारता विधानाच्या थरात. विल्यम फोली व रॉबर्ट व्हॅन व्हॅलिन यांनी 1984 मध्ये आणि ग्वील्येल्मो चिंक्वे यांनी 1999 मध्ये निराळ्या सैद्धान्तिक मार्गांनी जवळपास अशाच क्रमाकडे निर्देश केला : सामर्थ्य व बंधन आत, वक्त्याचा तर्क बाहेर.

मराठीत हा क्रम कानाने ऐकू येतो. ‘तो चढू शकत नसावा म्हणे’ हे वाक्य घ्या. ‘चढ’ हा गाभा. त्याला लागून ‘शक’, म्हणजे चढणाऱ्याचे सामर्थ्य. मग नकार. मग ‘असावा’, म्हणजे कोणाचा तरी तर्क. शेवटी ‘म्हणे’, म्हणजे हे ऐकीव असल्याची कबुली. क्रियेपासून जसजसे दूर जावे, तसतसे आपण घटनेकडून बोलणाऱ्याकडे सरकतो. हा क्रम उलटा करून वाक्य बनवण्याचा प्रयत्न केला तर भाषा त्याला नकार देते.

या सिद्धान्तावर आक्षेपही आले. जॅन नॉइट्स यांनी 2001 मध्ये असे मांडले की, खरा भेद पुरावा एकट्या वक्त्याजवळ आहे की अनेकांच्या सामाईक मालकीचा आहे, हा आहे. आना पापाफ्रागू यांनी 2006 मध्ये, वक्तृनिष्ठ प्रकारता अटीत किंवा गौण वाक्यात शिरतच नाही हे मत तपासून, भेदाचे मूळ कोणाचे ज्ञान विचारात घेतले आहे यात शोधले. या आक्षेपांनी मूळ भेद पुसला गेला नाही. तो अधिक नेमका झाला. प्रकारतेचे कोणतेही वाक्य समोर आले की विचारावयाचा प्रश्न ठरला : कोणाच्या ज्ञानावर? कोणाच्या अधिकारावर?

त्रिरश्मी लेण्यातील आज्ञापत्रे

हाच प्रश्न घेऊन नाशिक शहराच्या दक्षिणेस असलेल्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांकडे जाऊ. येथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णी याच्या कारकिर्दीच्या 18 व्या व 24 व्या वर्षांतील दोन आज्ञापत्रे प्राकृत भाषेत कोरलेली आहेत. पहिल्यात पश्चिम कखडी गावातील 200 निवर्तने शेत त्रिरश्मीवरील प्रव्रजितांना दिले आहे. दुसऱ्यात पूर्वी दिलेले शेत पिकवले जात नाही व ते गाव वसत नाही, म्हणून नगराच्या सीमेतील राजाच्या मालकीच्या शेतातून 100 निवर्तने देण्यात आली आहेत.

व्याकरणाच्या दृष्टीने हे लेख वाचले की वाक्याचे थर दगडावर उमटलेले दिसतात. शेत कसले जात नाही, गाव वसत नाही, हे साधे वृत्तनिवेदन. तेथे प्रकारता नाही. ‘वितराम’, म्हणजे ‘आम्ही देतो’, हे प्रथमपुरुषी रूप. येथे बोलणेच देणे आहे. गोवर्धनचा अमात्य विण्हुपालित याला उद्देशून आलेली ‘परिहरेहि’ व ‘निबधापेहि’ ही रूपे सरळ आज्ञेची. सवलती पाळ आणि त्यांची नोंद करव, असा त्यांचा आशय. आणि शेताला लावलेली ‘अपावेस’, ‘अनोमस’, ‘अलोणखादक’ ही विशेषणे पाहा. त्या शेतात राजपुरुषांनी प्रवेश करावयाचा नाही, त्याला हात लावावयाचा नाही, मिठासाठी ते खणावयाचे नाही. मनाई येथे शेताचा गुण होऊन बसली आहे. वस्तुनिष्ठ प्रकारतेचे याहून ठसठशीत उदाहरण शोधून सापडणार नाही.

24 व्या वर्षाच्या आज्ञापत्रात अमात्य सामक यास आरोग्य विचारून पुढील गोष्ट सांगावी, या अर्थी ‘वतवो’ हे रूप येते. संस्कृतातील ‘-तव्य’, पालितील ‘-तब्ब’ आणि या लेखातील ‘-तव’ हे एकाच प्रत्ययाचे अवतार होत. मराठीतील ‘करावे’, ‘सांगावे’ यांतील ‘-वे’ याच ‘-तव्य’पासून आला आहे. ‘त्याने करावे’ यात कर्ता तृतीयेत का येतो, याचे उत्तरही या वंशावळीत आहे. ‘त्याच्याकडून करण्याजोगे’ हा तिचा मूळ अर्थ. आज नाशिकचा माणूस ‘असे करावे’ म्हणतो, तेव्हा तो त्या डोंगरावर कोरलेल्या व्याकरणाचा वारसा बोलत असतो.

महत्त्वाची गोष्ट अशी की, या लेखांत मनाई निनावी नाही. शेत अप्रवेश्य आहे, कारण कोणीतरी ‘वितराम’ म्हटले आहे. दुसऱ्या आज्ञापत्रात तर राजाबरोबर राजमातेच्याही वचनाचा निर्देश आहे. वर्ष दिले आहे, अमात्याचे नाव दिले आहे. वस्तुनिष्ठ नियमाच्या मागे उभा असलेला वक्ता येथे स्वतःच्या नावानिशी हजर आहे.

तेच व्याकरण, दुसरे दार

याच नाशिक नगरीत 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात अग्रभागी होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. लेण्यातील ‘अपावेस’ आणि या दारावरचे ‘प्रवेश नाही’ या दोहोंचे व्याकरण एकच आहे. एके ठिकाणी सत्तेच्या माणसांना भिक्खूंच्या शेतात येण्यास मनाई. दुसऱ्या ठिकाणी माणसांना माणूस म्हणून आत येण्यास मनाई. पहिल्या मनाईच्या मागे नाव, वर्ष आणि कारण आहे. दुसरीच्या मागे ‘रूढी आहे’, ‘पूर्वापार चालत आले आहे’ एवढेच. रूढीला कर्ता नसतो, म्हणून तिला प्रश्न विचारता येत नाही, असा तिच्या समर्थकांचा भरवसा असतो.

‘येऊ नको’ म्हणणाऱ्याला ‘तू कोण?’ असे विचारता येते. ‘येऊ नये’ म्हणणारा थोडा मागे सरकतो. ‘येण्यास मनाई आहे’ म्हणणारा पूर्णपणे नाहीसा होतो. विषमता जितकी जुनी, तितकी ती तिसऱ्या प्रकारच्या वाक्यांत बोलते.

परंतु वस्तुनिष्ठतेचे सोंग घेणाऱ्या वाक्यावर तिचेच हत्यार उलटते. जे वस्तुस्थिती म्हणून सांगितले, ते खरे की खोटे हे तपासता येते. महाडच्या चवदार तळ्याबाबतच्या दाव्यात नेमके हेच झाले. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादि रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी निकाल दिला की, अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. ‘मनाई आहे’ या वाक्याला ‘पुरावा दाखवा’ असे उत्तर मिळाले आणि ते वाक्य कोसळले.

13 ऑक्टोबर 1935 रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तिचा पूर्वार्ध जन्माविषयी होता. जन्म कोणाच्या हाती नसतो; तेथे केवळ घडलेली गोष्ट सांगावी लागते. उत्तरार्ध मरणाविषयी होता आणि तो ‘-णार नाही’ या रूपात होता. मराठीत ‘पाऊस पडणार नाही’ हे भाकीत असते. पण ‘मी करणार नाही’ हा निश्चय असतो. रूप तेच, पुरुष बदलला की भाकिताचा संकल्प होतो. निनावी मनाईला दिलेले ते प्रथमपुरुषी उत्तर होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही ‘मी’ आणि ‘-णार नाही’ यांची हीच जोडी पुन्हा पुन्हा येते.

धम्मातील वक्त्याचे स्थान

उपासक पंचशील ग्रहण करतो तेव्हा क्रियापद असते ‘समादियामि’, म्हणजे ‘मी स्वीकारतो’. तेथे ‘मनाई आहे’ अशी रचना नाही. बंधन आहे, पण ते बांधून घेणाराच वक्ता आहे. विनयात नियम ‘-तब्ब’ प्रत्ययाने येतात आणि अनुज्ञा ‘अनुजानामि’, म्हणजे ‘मी अनुमती देतो’, या प्रथमपुरुषी शब्दाने येते. शिवाय नियम कोठे, कोणत्या प्रसंगाने झाला, याची निदानकथा दिलेली असते. म्हणूनच महापरिनिब्बानापूर्वी तथागत असे सांगू शकले की, संघाची इच्छा असल्यास आपल्या पश्चात क्षुद्रानुक्षुद्र नियम काढून टाकावेत. ज्या नियमाचा उगम ठाऊक आहे, त्याचा पुनर्विचार होऊ शकतो. पहिल्या संगीतीत संघाने ते नियम कायम ठेवले. पण तोही संघाचा निर्णय होता.

ज्ञानाच्या क्षेत्रातही हीच शिस्त सांगितली आहे. मज्झिम निकायातील चंकी सुत्तात ‘सच्चानुरक्खणा’, म्हणजे सत्याचे रक्षण, कशाने होते याचे विवेचन आहे. एखाद्याची कशावर श्रद्धा असेल, तर ‘ही माझी श्रद्धा आहे’ असे त्याने म्हणावे. तेवढ्यावरून ‘हेच सत्य, बाकी सर्व मिथ्या’ असा निष्कर्ष काढू नये. आवड, परंपरेने ऐकलेले, तर्क, पटलेले मत यांनाही हाच नियम. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर, वक्तृनिष्ठ प्रकारतेला वस्तुनिष्ठतेचा वेष चढवू नये, म्हणजे सत्य सुरक्षित राहते.

समारोप

वस्तुनिष्ठ मनाई ही सर्वस्वी त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. भारतीय संविधानाचा 17 वा अनुच्छेद अस्पृश्यता नष्ट झाल्याचे व तिचे आचरण निषिद्ध असल्याचे वस्तुनिष्ठ भाषेतच सांगतो. कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून नसलेली मनाईच दुर्बलांचे रक्षण करू शकते, जशी ती लेण्यातील भिक्खूंच्या शेताचे करीत होती. पण त्या संविधानाच्या आरंभी ‘आम्ही’ हा शब्द आहे आणि 26 नोव्हेंबर 1949 ही तारीख आहे. नियम वस्तुनिष्ठ, आणि त्यामागचा वक्ता उघड.

तेव्हा यापुढे ‘असे चालत नाही’, ‘तसे करता येत नाही’, ‘ते योग्य मानले जात नाही’ अशी वाक्ये घरात, सभेत किंवा विहारात कानी पडली, तर त्यांचे व्याकरण एकदा तपासावे. ज्याला चालत नाही तो कोण, योग्य न मानणारा कोण, हे विचारावे. आणि आपण स्वतः बोलताना, जेथे आपला केवळ तर्क असेल तेथे ‘आहे’ म्हणण्याऐवजी ‘असावे’ म्हणावे.